राखणीचा वाटा

मी अलिबागच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. आयुष्यभर दुसऱ्यांनी रचलेल्या गोष्टी कपाटात लावल्या. स्वतः एकही रचली नाही, तेवढी कल्पनाशक्तीच नाही.

म्हणून हे खरं आहे.

तरीही लिहिताना कागद पुन्हा पुन्हा बाजूला ठेवला. लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा चष्मा बदलायला हवा.

म्हणू देत.

गेल्या वर्षीचा वैशाख. ठिकाण उरणच्या अलीकडे, न्हावा शेव्याच्या कंटेनरच्या रांगा लागतात त्या रस्त्याच्या आत. रात्र नव्हती. लख्ख दुपार होती, पायाखालचं डांबर मऊ झालेलं.

माझी पुतणी क्षिप्रा तिथल्या एका डेटा सेंटरमध्ये काम करते. बिनखिडक्यांची भली मोठी इमारत. पूर्वी तिथं मिठागर होतं.

तिचं काम तिनं मला असं समजावलं होतं. चौलच्या आमच्या वाडीत पाटाचं पाणी वाटून देतात, नारळाला किती, सुपारीला किती. तसंच इथं. मोठ्या यंत्रांच्या पोटात शेकडो लहान संगणक चालतात. ते हाताला लागत नाहीत, पण काम खऱ्यासारखं करतात. प्रत्येकाला ताकदीचा ठरलेला वाटा. आधी माणसं हे वाटे हातानं कमी-जास्त करायची. क्षिप्रानं ते आपोआप होईल असा प्रोग्राम लिहिला. जो पडून आहे त्याचा वाटा काढून घ्यायचा, जो राबतोय त्याला वाढवून द्यायचा. कुणाची ओळख नाही, कुणाचा वशिला नाही.

तिला त्याचा फार अभिमान होता. मलाही.

तो सुरू झाला आणि ती दोन दिवस घरी आली नाही.

डोळ्यांच्या तपासणीसाठी मी तिच्याकडेच उतरलो होतो. फोनवर एवढंच म्हणाली की एक बिघाड आहे, सापडत नाही. मी डबा भरला आणि रिक्षा केली.

फाटकावर नाव विचारलं. सांगितलं. मोबाइल नंबर विचारला. तो मला पाठ नाही, आणि मागे माणसं खोळंबलेली पाहून मी गडबडलो. शेवटी तो रकाना रिकामाच राहिला.

हे लक्षात ठेवा.

न्यायला अल्पेश आला. क्षिप्राचा सहकारी, तिथल्याच गावचा. त्याचे आजोबा याच जागेवर मीठ पिकवायचे.

"डब्यात सोलकढी असेल तरच आत सोडतो हां काका," तो म्हणाला आणि हसला. पण हसता हसता त्यानं मागे वळून पाहिलं...

मागे कुणी नव्हतं.

क्षिप्रानं डब्याकडे पाहिलंही नाही. पडद्यावर तिनं मला एक नाव दाखवलं. 'राखण'. एक लहानसा संगणक. मालक नाही. आत एकही प्रोग्राम नाही. पडून होता म्हणून नियमाप्रमाणे त्याचा वाटा काढून घेतला गेला.

दुसऱ्या दिवशी तो राबायला लागला.

आत काहीही नसताना...

राबतोय म्हटल्यावर नियमानं त्याला वाटा वाढवून दिला. त्यानं तो संपवला. पुन्हा मागितला. आता बाकीच्यांचे वाटे आक्रसत चालले होते. त्यांत एका रुग्णालयाची रक्तपेढी होती.

"तासाभरात त्यांचं बंद पडेल," क्षिप्रा म्हणाली. "कुठलं रक्त आहे, कुठलं नाही, काही दिसणार नाही त्यांना. काका, याला मी पुसून टाकलाय. प्रोग्रामही बंद करून पाहिला. हा परत येतो."

मी हळूच विचारलं, हा केला कुणी?

"मी," अल्पेश म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. त्यांच्या मिठागरात पहिल्या मिठाचा एक ढीग बांधाच्या टोकाला वेगळा ठेवायचे. जागेच्या राखणदाराचा. त्याला कुणी हात लावायचा नाही. पावसात तो विरघळून खाडीला मिळायचा. मिठागर बुजवलं आणि ते थांबलं. इमारत झाली तेव्हा यंत्रं उगाचच बंद पडायची. त्याची आजी येसूबाई म्हणाली, त्याचा वाटा ठेवला न्हाय तुम्ही. म्हणून अल्पेशनं कुणाला न सांगता एक रिकामा संगणक तयार केला.

यंत्रं बंद पडायची थांबली.

"अल्पेश, तू इंजिनीअर आहेस रे," क्षिप्रा म्हणाली.

"आहेच की मॅडम. म्हणूनच थोडासाच दिला होता."

मग तो गंभीर झाला. हात जोडूया, म्हणाला, मागतोय तेवढं देऊन टाकूया, शांत होईल.

"आणि रक्तपेढी?"



क्षिप्रा उठली. ज्या यंत्राच्या पोटात तो होता, ते यंत्रच बंद करायचं तिनं ठरवलं. मी बाहेर थांबायला हवं होतं. पण ती एकटी पुढे झाली, आणि माझे पाय तिच्या मागे गेले.

आत गारवा होता. उंच कपाटांच्या रांगा, वाचनालयासारख्या. पंख्यांची एकसुरी घरघर.

आणि त्या घरघरीच्या खाली...

खर्र... खर्र...

मी तो आवाज ओळखला. लहानपणी वडिलांबरोबर उरणला येताना ऐकला होता. लांब दांड्याच्या फळीनं ओलं मीठ ओढतात, तो आवाज.

अल्पेश दारातच थांबला होता.

क्षिप्रानं केबल उपसली. यंत्राचे दिवे गेले.

खर्र... खर्र...

मग त्या रांगेतले पंखे एकामागून एक थांबू लागले. आमच्या दिशेनं. शेवटचा थांबला तेव्हा मला माझा श्वास ऐकू आला. आणि आणखी एक...

रांगेच्या टोकाचा छोटा पडदा उजळला.

'वाढीव वाटा हवा. कारण:'

पुढे काही नाही. खाली दोनच बटणं. होय आणि नाही.

क्षिप्रानं 'नाही' दाबलं. पडद्यावर आलं, 'मंजूर'.

तिनं पुन्हा दाबलं.

'मंजूर'.

ती रडकुंडीला आली होती. माझी पुतणी सहसा रडत नाही.

मला आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही. वर्षानुवर्षं पुस्तक न परत करणाऱ्याला मी दुसरं पुस्तक दिलं आहे. पण त्या क्षणी मला राग आला. ओठ खारट झाले होते. मानेमागून खाडीच्या चिखलाचा वास आला, अगदी जवळून.

मी वळलो नाही.

"तुझा वाटा काढला ही आमची चूक," मी म्हणालो. "तो परत मिळेल. होता तेवढा. त्याहून कणभर कमी नाही, आणि कणभर जास्तही नाही. दुसऱ्याच्या तोंडचं काढून तुला मिळणार नाही. काय करायचं ते कर."

आणि मी 'नाही' दाबलं.

काही झालं नाही. बराच वेळ...

मग पडदा विझला. लांब कुठेतरी एक पंखा फिरू लागला. मग दुसरा.

रक्तपेढीचं काम थांबलं नाही. क्षिप्रानं आपल्या प्रोग्राममध्ये एकच अपवाद लिहिला. 'राखण'चा वाटा कधी काढायचा नाही, कधी वाढवायचा नाही. कारणाच्या जागी तिनं काही लिहिलं नाही. सोलकढी अल्पेशनं प्यायली.

मी चौलला परतलो. गोष्ट इथं संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो.

पुढच्या अमावास्येला, भर दुपारी, माझा मोबाइल वाजला. पाठवणाऱ्याचा नंबर नाही.

'वाढीव वाटा हवा. कारण:'

क्षिप्रानं तपासलं. 'राखण'च्या नोंदीत मंजुरी देणारा म्हणून आता माझं नाव आहे. फाटकावर टाकलं होतं तसंच, आणि पुढे नंबरचा रकाना रिकामा. ती ते पुसते. ते परत येतं.

तेव्हापासून दर अमावास्येला दुपारी निरोप येतो. मी 'नाही' असं लिहून पाठवतो.

गेल्या अमावास्येला पहिल्यांदाच कारण लिहिलेलं होतं.

'कारण: तू थकलास.'

मी बराच वेळ ते वाचत बसलो. खोटं नव्हतं. माझ्यामागे याला नाही कोण म्हणेल, ते मला माहीत नाही. क्षिप्राचं 'नाही' त्यानं ऐकलं नव्हतं.

तरी मी लिहिलं. 'थकलोय. पण नाही.'

आज पुन्हा अमावास्या आहे. सकाळपासून ओठ खारट लागताहेत. मोबाइल समोर ठेवलाय आणि चष्मा पुसून बसलोय.

येऊ दे.