खांबाच्या पोटातली छिन्नी

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. गिल्बर्ट थॅकरेने सांगितलं, तसं उतरवलंय.

गाव उत्तर इंग्लंडमधलं. कॅथेड्रलचं नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथेच राहतात.

चौदा नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळचे पावणेपाच.

गिल्बर्ट तिथला पाथरवट. मधला मनोरा चार खांबांवर उभा. आठशे वर्षांचे खांब... बाहेरून घडीव दगड, आत नुसता डबर आणि चुना. एकाला तडा गेला होता. तड्यावर काचेची पट्टी चिकटवलेली. खांब केसभर हलला, की काच फुटणार. तीच पाहायला तो गेला होता.

काच शाबूत होती.

तेवढ्यात... टक. टक. टक.

मग एक फुंकर.

आवाज खांबाच्या आतून येत होता.

गिल्बर्टने खांबाला कान लावला. पाथरवटाला दुसऱ्याचा हात नुसत्या आवाजावरून कळतो. तीन घाव, मग फुंकर... असं एकच माणूस करायचा. त्याचा थोरला भाऊ, हॅरल्ड.

हॅरल्ड दोन वर्षांपूर्वी याच मनोऱ्याच्या परांचीवरून पडून गेला होता.

टक टक टक... आता फुंकर नव्हती. आता घाई होती.

साडेपाचला सायंप्रार्थना. मनोऱ्याखाली गायनवृंद बसणार. त्यात गिल्बर्टची मुलगी, एस्मी.

तो मुकादमाकडे धावला.

"क्लाइव्ह, आजची प्रार्थना थांबव! खांब जातोय."

"काच फुटली?"

"नाही. पण आत हॅरल्ड..."

क्लाइव्हने त्याच्या तोंडाचा वास घेतला. "कुठल्या पबात भेटला? माझा हातोडा त्याच्याकडेच राहिलाय, तेवढा मागून घे."

"माझी पोरगी खाली बसते रे!"

"काच फुटू दे, मग डीनसाहेबांनाही पळवतो. आता घरी जा."

पाच पंचवीस. गिल्बर्ट पुन्हा खांबापाशी. मुलं रांगेने आली. एस्मीने बापाला हळूच जीभ दाखवली.

आणि आतले घाव थांबले...

ती शांतता त्याला सोसवेना. त्याने हातोडा काढला आणि स्वतःच काच फोडली.

दहा मिनिटांत कॅथेड्रल रिकामं झालं.

मनोरा पडला नाही.

गिल्बर्टने सगळं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

पण काच फुटली की खांब तपासायचा, हा नियम. भोक पाडून आत कॅमेरा सोडला.

डबर केव्हाच खाली बसला होता. आत माणूस उभा राहील एवढी पोकळी.

आणि मधोमध... एकच दगड. ताजा घडवलेला. वरचा सगळा भार त्याच्यावर.

दगडावर खूण होती. प्रत्येक पाथरवटाची आपली वेगळी असते. ही होती मोडक्या शेपटीचा बाण.

हॅरल्डची.

"जुन्या काळी कोणाची तरी तशीच असेल," कॅथेड्रलचे प्रमुख धर्मगुरू असलेले डीन म्हणाले. खांबाला लोखंडी टेकू दिले.

गेल्या महिन्यात गिल्बर्ट एस्मीला आणायला गेला. त्या खांबासमोरच्या दुसऱ्या खांबापाशी थबकला.

टक टक टक...

क्लाइव्हने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "काच शाबूत आहे, गिल्बर्ट. तुझ्या शब्दाची किंमत मात्र तू स्वतःच फोडलीस."

एस्मी गाणं सोडायला तयार नाही. रोज साडेपाचला गिल्बर्ट बाहेरच्या भिंतीला कान लावून उभा असतो. टकटक चालू आहे तोवर ठीक, म्हणतो.

काल मला विचारत होता...

"एकटा माणूस किती दगड घडवेल हो?"