सगळ्यात मागचा माणूस

नणंदेला ही गोष्ट सांगितली, तर तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि झोपेच्या गोळ्यांचं नाव सांगितलं. तुम्हीही हवं ते समजा. पण जे लिहिते आहे ते माझ्याच बाबतीत घडलं आहे, आणि त्याला मी पदरचं तिखटमीठ लावलेलं नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती.

थंडीतला रविवार. दुपार कलायला लागली होती. शहराच्या बसचा शेवटचा थांबा, त्याच्या पुढे पाण्याच्या मोठ्या टाक्या, आणि टाक्यांच्या कुंपणाला लागूनच रान सुरू होतं. त्या रानातून पायवाटा नदीपर्यंत जातात. सुट्टीच्या दिवशी लोक मुलांना, कुत्र्यांना घेऊन तिथे फिरायला येतात. घाबरावं अशी ती जागाच नाही.

मी कपड्यांच्या दुरुस्तीचं दुकान चालवते. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, कंबर सैल करणं. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. दर रविवारी आम्ही दोघं एका ग्रुपबरोबर या रानात चालायला जायचो. पुढे असायचे मास्तर, म्हणजे ग्रुपचे म्होरके, निवृत्त शिक्षक. सगळ्यात मागे असायचे हे.

मागेच का? तर कुणीतरी मागे राहावंच लागतं. कुणाची बुटाची नाडी सुटते, कुणी फोटो काढत रेंगाळतं. त्या सगळ्यांना पुढे घालून आपण शेवटी चालायचं, हे यांचं काम. ग्रुपने यांचं नावच ठेवलं होतं, शेपूटराव.

मी चिडवायचे, "अहो, जन्मात कधी कशात पुढे जाणार आहात का?"

हे म्हणायचे, "तू आहेस ना पुढे. मी बघतो मागचं."

ग्रुपची एक पद्धत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

जिथे वाट फुटते, तिथे मास्तर तीन काटक्यांचा बाण करून जमिनीवर ठेवायचे. मागून येणाऱ्यांनी बाण बघायचा आणि तिकडे वळायचं. सगळ्यात शेवटी हे यायचे आणि तो बाण उचलायचे. नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणी परका माणूस आमच्या बाणावर विसंबून भलतीकडेच जायचा. बाण उचलला, म्हणजे आपली सगळी माणसं पुढे गेली.

यांच्या जागी दुसरं कुणी असलं, की काटक्या सरळ पायाने उडवायचं. हे मात्र खाली वाकायचे, तीनही काटक्या उचलायचे आणि शेजारच्या झाडाच्या बुंध्याशी एकीला एक लावून ठेवायचे. पेटीत पाने-पक्कड लावून ठेवावेत, तशा.

गळ्यात एक शिट्टीही असायची. मागे काय चाललंय ते मास्तरांना शिट्टीने कळवायचे. त्या शिट्टीच्या खुणा त्या दोघांनाच ठाऊक. मी कधी विचारल्या नाहीत. माझ्या पुढे मास्तर, माझ्या मागे हे. मला कशाला लागतात खुणा?

गेल्या वर्षी हे गेले.

रानात नाही, नदीतही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण लोक लगेच तेच विचारतात. सकाळी कामाला निघताना दाराशी बूट घालायला खाली बसले, ते उठलेच नाहीत. मग इस्पितळ. मी हात धरून बसले होते तेव्हाच संपलं सगळं.

आठवड्याचे बाकीचे दिवस निभतात. गिऱ्हाइकं असतात, मशीन चालू असतं. रविवार मात्र खायला उठतो. ग्रुपमध्ये जाणं मी बंद केलं होतं. सगळे माझ्याशी जपून बोलतात, माझ्यासाठी हळू चालतात. मला ते सोसत नाही.

त्या रविवारी मी जेवणवेळेपर्यंत एका पँटची शिवण उसवून परत घालत बसले होते. शिवण चांगली होती. उसवायचं काही कारण नव्हतं.

मग उठले, डबा भरून घेतला, पायात बूट चढवले आणि एकटीनेच बस धरली.

ग्रुप बहुतेकदा नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या रस्त्याने घरी जायचा. मला एकटीला एवढं झेपणार नव्हतं. नदीकाठी एक सपाट खडक आहे. तिथपर्यंत जायचं, थोडं बसायचं आणि आल्या वाटेने परत यायचं, एवढंच ठरवलं. वाटा मला पाठ नव्हत्या. कधी बघाव्याच लागल्या नव्हत्या. म्हणून प्रत्येक फाट्यावर मी स्वतःच बाण करत गेले. टोक परतीच्या दिशेला.

पहिला बाण ठेवला आणि थोडी पुढे गेले…

मागे काहीतरी वाजलं.

टक… टक… टक.

सुकलेली काटकी काटकीवर ठेवावी, तसं.

वळून पाहिलं. वाट रिकामी. खार असेल, म्हटलं.

दुसऱ्या फाट्यावर बाण केला. वळण घेतलं…

टक… टक… टक.

पुन्हा तीनदाच.

मी थांबले. कान दिले. काही नाही. पाचोळ्यावर पाऊल वाजत नव्हतं, फांदी हलत नव्हती. एवढ्या मोठ्या रानात फक्त माझाच श्वास ऐकू येत होता.

फिरायला आलेली माणसं एव्हाना परतत होती. एक बाई कुत्र्याला ओढत समोरून आली. कुत्रं माझ्याकडे बघतच नव्हतं. माझ्या खांद्याच्या मागे बघत होतं. शेपटी पायांत घालून.

"चल रे, काय बघतोस?" बाई त्याला म्हणाली, आणि मला म्हणाली, "फार पुढे जाऊ नका हं. लवकर काळोख होतो."

नदीवर कुणीच नव्हतं.

खडकावर बसले. डबा उघडलाच नाही. पाठीवर कुणाचं तरी लक्ष आहे असं सारखं वाटत होतं. आणि खरं सांगते, भीती वाटली नाही. गेलं वर्षभर मला माझी पाठ उघडी पडल्यासारखी वाटत होती. तिथे तशी वाटली नाही. मी बोललेसुद्धा.

"अहो, आपल्या बिल्डिंगची लिफ्ट परत बंद पडली आहे. नव्या माणसाला जमत नाही. चार मजले चढून गुडघ्यांची वाट लागली माझ्या."

नदी वाहत होती. तेवढाच आवाज. पाखरं कधी गप्प झाली ते कळलंच नाही.

रडून झालं तसं उठले. परत निघाले.

फाट्यावर आले… आणि बाण नव्हता.

आधी वाटलं, जागा चुकली. मग वाटलं, कुत्र्याने उधळला असेल. खाली वाकून शोधायला लागले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

शेजारच्या झाडाच्या बुंध्याशी तीन काटक्या होत्या.

एकीला एक लावून ठेवलेल्या.

तिथेच पाचोळ्यात बसले. तुम्हाला वाटेल मी किंचाळले असेन. मी हसले.

"आलात होय!" मी म्हणाले.



काटक्यांना हात लावला. साध्या काटक्या. मी त्यांना किती वेळ धरून बसले होते, कोण जाणे. भानावर आले तेव्हा झाडांचे बुंधे धूसर व्हायला लागले होते. समोर दोन वाटा, दोन्ही सारख्या. फोन काढला. रेंज नाही. फोन डोक्यावर धरून पाहिला, तरी नाही. इथे चुकले, तर रात्रभर मला शोधायलाही कुणी येणार नव्हतं. मी घरी नाही हे कळायला घरी होतंच कोण?

आणि तेव्हा शिट्टी वाजली.

दोन आखूड फुंका.

उजव्या वाटेवरून…

माझे पाय उजवीकडे वळलेच होते. बघायचं होतं. एकदाच. नुसते बूट दिसले असते, तरी चाललं असतं.

पण मग डोक्यात आलं, हे पुढे कधीच नसतात. हे असतात मागे. म्हणजे शिट्टी जिकडून येते ती आपली मागची बाजू. शिट्टीकडे पाठ केली, की तोंड आपोआप घराकडे.

मी डावी वाट धरली.

पुढच्या फाट्यावर तेच. बाण नाही. झाडाशी तीन काटक्या. आणि दोन आखूड फुंका… या वेळी डावीकडून. मी उजवीकडे वळले.

मागे पाऊल वाजत नव्हतं. पण मी थांबले की शिट्टी वाजायची. आणि दर वेळी जास्त जवळून.

शेवटच्या फाट्यावर तर ती माझ्या कानामागेच होती म्हणा ना. दोन फुंका… दोन फुंका… दोन फुंका. दम न घेता. इतक्या घाईने हे कधी शिट्टी वाजवत नसत. अंधार पडतोय, पाय उचल, असं म्हणत असतील, असं मी स्वतःला समजावलं. मागे वळून पाहिलं नाही. पळत सुटले.

पाण्याच्या टाक्यांचं कुंपण दिसलं आणि शिट्टी थांबली.

मधेच. एकच फूक वाजली. दुसरी आलीच नाही.

आमच्यात असं आहे, की पुढच्याने बाहेर येऊन थांबायचं. शेपूट बाहेर आलं, की मगच सगळ्यांनी निघायचं. मी थांबले. रस्त्यावरचे दिवे लागले. रानाच्या तोंडाकडे टक लावून उभी राहिले.

बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं.

"मावशी, येताय ना? अजून कुणी यायचंय का?"

मी रानाकडे पाहिलं. कुणी आलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "एकटीच आहे."

वर्षभरात हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. आणि बसमध्ये चढले.

त्या रात्री मला गाढ झोप लागली. आठवडाभर दुकानात मी गुणगुणत होते. शेजारचा घड्याळजी म्हणाला, "काय, लॉटरी लागली का ताई?" तसंच वाटत होतं मला. माझ्या मागे कुणीतरी आहे, एवढं कळलं होतं. आणखी काय हवं असतं माणसाला?

पुढच्या रविवारी मी मास्तरांकडे गेले. त्यांना कळायलाच हवं होतं.

ते बाल्कनीत बुटांचा चिखल खरवडत होते. चहा आणला, समोर बसले. मी सगळं सांगितलं. काटक्या बुंध्याशी होत्या म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले.

"त्याचंच काम! दुसरं कोण एवढी टापटीप ठेवणार?" ते म्हणाले. मग म्हणाले, "पण पुलावरून एकट्या कशा गेलात, वहिनी? तिकडून बस मिळाली?"

"पुलावरून नाही गेले. आल्या वाटेने परत आले."

मास्तरांचा कप हातात तसाच राहिला.

"आल्या वाटेने?"

"हो. म्हणून तर बाण केले होते."

त्यांनी कप खाली ठेवला. मग इतक्या जपून बोलायला लागले, की मला ते आवडलं नाही.

"वहिनी, पूल ओलांडून जायचं असेल, तर शेपूट बाण उचलत जातो. परत तिथून जायचंच नसतं. पण आल्या वाटेने परतायचं असेल, तर जाताना बाणाला हात लावायचा नाही. उचलायचे ते परतताना. जाताना उचलले, तर माणसं परत कशी येणार?"

"चुकले असतील हे," मी म्हणाले.

"तो?" मास्तर म्हणाले. "हा नियम त्यानेच घातला होता."

मला माहीत नव्हतं. कसं असणार? मी मधे चालायचे.

शिट्टीचं मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. सांगणारच होते. दोन आखूड फुंका म्हणजे काय, ते मास्तरांना ठाऊक असणार. 'पुढे चला' असेल. 'थांबा' असेल. 'इकडे या' असेल. ते माझ्या तोंडाकडे बघत बसले होते, आणखी काही आहे का म्हणून.

मी चहा संपवला आणि घरी आले. अजून विचारलेलं नाही.

त्या दिवसापासून मी एकच हिशेब घालते आहे. ते हे नव्हते असं धरलं, तर माझ्या मागे तीन काटक्या उचलून नीट लावणारं दुसरं कुणीतरी होतं, ज्याला यांची सवय माहीत होती. आणि हेच होते असं धरलं… तर मी घरी परत जावं, हे यांना नको होतं. शिट्टी मारून मारून बोलावत होते, आणि मी पाठ फिरवून पळून आले.

नणंद म्हणते, यातलं काहीही खरं मानलंस तरी भीतीने मरशील. तिला कळत नाही. ते हे नव्हते, असं म्हटलं की मला जास्त भीती वाटते. मग त्या रानात मी खरंच एकटी होते, आणि इथेही आहे.

रविवार अजून खायला उठतो. दुपार कलली की मी मशीन बंद करते आणि उगाचच खिडकीशी जाऊन उभी राहते. त्या रानात मी परत गेलेली नाही. शिट्टीला घाबरून नाही. पण आता गेले आणि ती वाजली, तर मी तिच्याकडे पाठ करेन, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.