झाडाआडचा उपग्रह

"अहो, खाली कुणी आहे का? माझी शिडी पडली!"

ओले केस तसेच टाकून ती अंगणात धावली. इंटरनेटची डिश बसवायला आलेला तो छपरावर कसनुसा हसत उभा होता. शिडी लावताना तिला हसू आवरेना... आणि तो उतरायचं सोडून तिच्याकडे बघतच राहिला. झालं! तिथंच सगळा घोळ झाला.

डिश बसली, पण लाइन टिकेना. बोलता बोलता मधेच तुटायची.

"डिश चांगली आहे हो," तो म्हणाला. "हे उपग्रह पृथ्वीच्या जवळून फिरतात, भराभर पुढे जातात. एक गेला की दुसऱ्यानं लाइन धरायची. तो दुसरा नेमका तुमच्या झाडाआड येतो."

"झाड बाबांनी लावलंय. तोडायचं नाही."

"मग उंच खांब लागेल."

"घाई नाही काही," ती चटकन म्हणाली. घाई कशी नव्हती? परदेशातल्या इस्पितळाची मुलाखत याच लाइनवर व्हायची होती. त्या नोकरीसाठी तिनं रात्रीचा दिवस केला होता. पण खांब बसला की हा कशाला येणार?

तो येत राहिला. डिश या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

"आज चार बोटं सरकवतो."

"एवढीशीच?"

"जास्त सरकवली तर दुरुस्त होईल ना..."

तिचे कान लाल झाले.

एके सकाळी मात्र तो खांब घेऊनच आला. चेहरा उतरलेला.

"तुमच्या आई म्हणाल्या, उद्या मुलाखत आहे. मला सांगितलं नाहीत?"

"खांब नको."

"ऐन वेळी लाइन तुटली असती तर?"

"आणि आता तुटणारच नाही — म्हणजे तुम्ही येणार नाही!" तिनं खांब धरून ठेवला. "चला ना माझ्याबरोबर..."

"माझे वडील अंथरुणाला खिळलेत. त्यांना सोडून कसा येऊ?" त्यानं मान वर केली नाही. "फार आवडता तुम्ही मला. म्हणून तर बसवतोय."

एकेक बोल्ट त्यानं घट्ट आवळला. ती खाली शिडी धरून रडत होती.

मुलाखत बिनबोभाट पार पडली. ती गेली.

तिकडून पहिल्याच आठवड्यात तिनं व्हिडिओ कॉलवर आईला विचारलं, "ते... डिशवाले येतात का गं?"

"कशाला येईल तो? लाइन एकदाही बिघडली नाही," आई म्हणाली, आणि एकदम थांबली. चित्र इतकं लख्ख होतं, की लेकीला डोळे लपवता आले नाहीत.