मामाचा डबा आणि चुकीचा पत्ता

"मामा, हात लावू नकोस!" नाहियारा संगणकासमोर आडवी आली.

विल्सनमामाच्या एका हातात पेनड्राइव्ह, दुसऱ्यात 'माते' या कडवट हिरव्या चहाचा पेला. "अगं, इंटरनेट नाही तर हा संगणक काय चाटायचाय? माझा फोन बघ, मस्त चालतोय. म्हणजे दोष तुझ्या त्या लिनक्स प्रणालीचाच! सगळं पुसतो आणि माझ्या ऑफिसातली टाकतो."

शाळेने टाकून दिलेल्या तीन संगणकांतून नाहियाराने हा एक जिवंत केला होता. वर्षभर खपली होती पोरगी! मामा तो पुसणार, या विचारानेच तिला रडू यायला लागलं.

"मांस भाजून होईपर्यंत तरी थांब!"

"थांबतो. जेवण वाढलं की मात्र पुसणार!" मामा अंगणातल्या शेगडीकडे गेला.

"उंटावरचा शहाणा!" मिलाग्रोस पुटपुटली. मामा तिचा सख्खा बाप होता, तरीही!

नाहियाराने पडद्यावरच्या काळ्या चौकटीत आज्ञा टाइप केली. धाकटा भाऊ होआकिन वाकून बघू लागला.

"जोडणी आहे, नेटवर्कचा पत्ताही आहे... थांबा! आपल्या घरातल्या सगळ्या यंत्रांच्या पत्त्यात तिसरा आकडा शून्य असतो. इथे एक आहे!"

"मग हा पत्ता दिला कुणी?" मिलाग्रोसने विचारलं.

"दुसऱ्याच कुठल्यातरी राउटरने!"

"ताई, ही करडी वायर परवापर्यंत नव्हती," होआकिन फ्रीजमागून ओरडला.

वायर घरच्या राउटरमधून निघून खिडकीतून बाहेर, द्राक्षाच्या मांडवावरून थेट शेगडीच्या छपराखाली! लाकडांच्या ढिगामागे एक जुना राउटर लुकलुकत होता. शेजारी मामा फोनवर सामना बघत निखारे सारत होता.

"मामा! हे काय?"

"माझ्या घरातला जुना डबा आहे. मांस भाजताना सामना बघायला इथे सिग्नल नको? काल जोडला."

"तोच चोर! सकाळी संगणकाने पत्ता मागितला, तर घरच्या राउटरआधी याने उत्तर दिलं. आणि याला बाहेरचा रस्ताच ठाऊक नाही!"

"मग माझा फोन कसा चालतो?"

"त्याच्याकडे अजून आधीचा, खरा पत्ता आहे. बंद करून चालू कर बघू!"

मामाने ऐटीत फोन बंद करून चालू केला. सामना गायब! "अगं, पेनल्टी आहे! गोल होईल आता!"

"दोष लिनक्सचाच ना?" मिलाग्रोसने टोमणा मारला.

नाहियाराने मामाच्या राउटरचं पत्ते वाटण्याचं काम बंद केलं. आता तो नुसता सिग्नल पोहोचवणार होता. मग संगणकाने पुन्हा पत्ता मागितला. तिसरा आकडा शून्य! पानं भराभर उघडली. मामाचा सामनाही परतला, पण गोल होऊन गेला होता.

मांस ताटात आलं. रिवाजाप्रमाणे एलिदा आजी ओरडली, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या!"

या टाळ्या मामाच्या जिवाचा विसावा! तो दर रविवारी त्यांसाठी छाती काढून उभा राहायचा. आज मात्र त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"आज मला नकोत," तो म्हणाला. "चूक माझी आणि पुसायला निघालो होतो हिची मेहनत. टाळ्या नाहियाराला! जोरात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नाहियाराने होआकिन आणि मिलाग्रोसला ओढून शेजारी उभं केलं आणि मामासारखीच छाती काढली.