अर्धी टाकी

तनया बर्वेनं डाव्या हातानं बेल वाजवली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"आसावरी मावशी, तुम्ही इन्शुरन्ससाठी अपघातांची चौकशी करायचात ना?" दार उघडताच ती म्हणाली. "माझ्या अपघाताची पण करा. माझी चूक नव्हती."

आसावरी गुर्जर तिला आत घेऊन आली. इन्शुरन्स कंपनी सोडून तिला सहा वर्षं झाली होती. आता ती साउथहॅम्प्टनमध्ये स्वतःची खाजगी चौकशीची कामं घ्यायची. सोफ्यावर तिचे मोठे दीर, निवृत्त डॉक्टर कमलाकर, पेपर वाचत बसले होते. आसावरीच्या प्रत्येक कामात ते सोबत असत आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घेत.

अपघात सगळ्या मराठी मंडळाला माहीत होता. हेझलडाउनच्या छोट्या विमानतळावर दर ऑगस्टमध्ये फ्लाय-इन भरायचा. देशभरातून साठ-सत्तर छोटी विमानं तिथे उतरायची, हजारो लोक बघायला यायचे. त्यातून जयंत पटवर्धनांचा ट्रस्ट दरवर्षी एका मुलाला किंवा मुलीला पायलट व्हायला मदत करायचा. अठरा वर्षं हे चाललं होतं. यंदा शेवटच्या फेरीत दोघं होते, तनया आणि आर्यन. प्रशिक्षक प्रणव शेजारी बसणार आणि दोघांनी एकाच विमानातून, एकामागून एक उड्डाण करून दाखवायचं, असं ठरलं होतं.

"आर्यन दहा वाजता उडाला," तनया सांगू लागली. "माझा टर्न अकराला. तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं. प्रणवसरांनी समोरच्या शेतात उतरवलं. दोन्ही विंग्ज कुंपणात तुटल्या, त्यांतल्या टाक्यांमधलं पेट्रोल सगळं शेतात गेलं. इंजिनमध्ये पाणी मिळालं. आता सगळे म्हणतात, तनयानं पेट्रोल चेक नाही केलं."

"केलं होतंस?"

"नऊ वाजता. टाकीच्या तळातून सॅम्पल काढला. पाणी जड असतं, असलं तर खाली दिसतं. नव्हतं. पेट्रोल क्लीन होतं, विमानाचं असतं तसं निळं. डिपस्टिक पण घातली, काट्यावर भरवसा नसतो. टाकी अर्धी होती."

"मग पुन्हा कधी तपासायचं असतं?"

"पेट्रोल भरलं तर. पण कोणी भरलंच नाही."

स्कॉलरशिप आर्यनला मिळाली होती. तनयाचं नाव ट्रस्टच्या यादीतूनच काढून टाकलं होतं.

* * *

प्रणव अजून हॉस्पिटलमध्ये होता. कंबरेचं हाड मोडलं होतं.

"माझीही जबाबदारी होती," तो कडवटपणे म्हणाला. "मी तिच्या शब्दावर विसंबलो. तिला दोष देताना ट्रस्टच्या कमिटीनं मला विचारलंसुद्धा नाही."

"उड्डाणात काही वेगळं जाणवलं?"

"जमीन सोडायला विमान जरा आळशीपणा करत होतं. मला वाटलं, तनया घाबरून कंट्रोल हळू खेचतेय."

"दुपारी त्या विमानाचं काही काम होतं?"

"हो ना. जयंतरावांना देणगीदारांना फेऱ्या मारून आणायच्या होत्या. मी म्हटलं, आधी पेट्रोल भरावं लागेल. पण पंपापाशी तीसेक विमानांची रांग लागली होती. ते म्हणाले, बघू नंतर."

बाहेर पडताना कमलाकर म्हणाले, "आसावरी, मला तो आर्यनच वाटतो. फायदा त्याचाच झालाय."

"भेटूया की त्याला, भाऊजी."

आर्यन रग्बी खेळणारा, दारातून वाकून यावं लागेल असा उंच आणि दणकट मुलगा होता. तो प्रश्नाआधीच चिडला.

"मला माहितीये लोक काय बोलतात. लँडिंगनंतर मी विमानाजवळ पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. मला तहान लागली होती! बस. मग मी मम्मीकडे चहाला गेलो."

"किती मोठी बाटली?"

"अर्धा लिटर. आणि आमचे दोन्ही व्हिडिओ आहेत. मम्मीनं सारख्याच जागेवरून काढले. बघा."

आसावरीनं दोन्ही व्हिडिओ तीन-तीन वेळा पाहिले. पहिल्यात विमानानं वारा दाखवणाऱ्या खांबावरच्या कापडी मोज्यापाशी जमीन सोडली. दुसऱ्यात ते तो मोजा ओलांडून पार आइस्क्रीमच्या गाडीपर्यंत धावलं आणि मग उचललं गेलं. मोजा दोन्ही वेळा सारखाच ताठ होता.

"दोन्ही वेळा उडालं की," कमलाकर म्हणाले.

"उडालं," आसावरी म्हणाली. "तनयाचं वजन किती असेल, भाऊजी?"

"पन्नास किलो असेल-नसेल. का?"

आसावरीनं पहिला व्हिडिओ पुन्हा लावला.

* * *

जयंत पटवर्धनांनी त्यांना हेझलडाउनवर स्वतः फिरवून दाखवलं. सत्तरीचे, ताठ कण्याचे. ट्रस्टच्या प्रशिक्षण वर्गाच्या भिंतीवर अठरा वर्षांतल्या अठरा मुलांचे फोटो होते, विमानाच्या दारात हसणारे.

"तनया अकरा वर्षांची असताना इथे आली," ते म्हणाले. "मुलीसारखी मला. म्हणून जास्त लागलं. टाक्या काठोकाठ भरून विमान निघालं आणि हिनं तळाला पाणी आहे का एवढं पाहू नये?"

"त्या सकाळी तुम्ही विमानाजवळ गेला होतात?"

"कुठली सवड? पाहुण्यांच्या तंबूत होतो मी. आदल्या दिवसानंतर विमानाला हातही लावला नाही."

हँगरच्या मागे एक शेड होती. पत्र्याला भोक पडलं होतं. आठवडाभराच्या पावसाचं पाणी खालच्या शेल्फवर थेंब थेंब पडत होतं. शेल्फवर ओलसर झालेल्या धुळीचा जाड थर होता आणि त्यात सहा स्वच्छ चौकोन, शेजारीशेजारी.

"इथे काय असतं?"

"काही नाही," जयंतराव म्हणाले. "वर्षानुवर्षं रिकामं आहे."

* * *

मंगळवारी सकाळी आसावरीनं सगळ्यांना त्याच वर्गात बोलावलं. प्रणव व्हीलचेअरमध्ये आला. तनया खिडकीपाशी उभी राहिली, आर्यन तिच्यापासून लांब.

"आर्यननं बाटलीतलं पाणी टाकीत ओतलं, अशी कुजबुज आहे," आसावरीनं सुरुवात केली. "तसं झालं असतं तर विमान अर्ध्या किलोनं जड झालं असतं. पण व्हिडिओ वेगळंच सांगतात. वारा तोच, विमान तेच, प्रशिक्षक तोच. आर्यन तनयापेक्षा कितीतरी जड. म्हणजे तनयाच्या वेळी विमान आधी उचलायला हवं होतं. ते उलट खूप पुढे जाऊन उचललं. प्रणवलाही ते जड वाटलं. दोन उड्डाणांच्या मधे त्या विमानात काहीतरी वजनदार भरलं गेलं."

"पेट्रोल," प्रणव हळूच म्हणाला.

"पेट्रोल. पण पंपावर तर रांग. देणगीदारांसाठी विमान दुपारी तयार हवं. तेव्हा कुणीतरी शेडमधले सहा डबे आणले. वीस-वीस लिटरचे. धुळीत त्यांच्या तळाचे ठसे अजून आहेत. गळक्या पत्र्याखाली ठेवलेले डबे, झाकणं जुनी. पेट्रोलबरोबर पावसाचं पाणीही टाकीत गेलं. आणि ज्यानं भरलं, त्यानं तनयाला सांगितलं नाही."

"कोण?" कमलाकरांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"भाऊजी, तनयाच्या हिशेबानं टाकी अर्धी होती. पंख तुटले, पेट्रोल मातीत गेलं. टाकीत किती होतं हे अपघातानंतर कुणालाच मोजता आलं नाही. तरी एका माणसानं मला सांगितलं की टाक्या काठोकाठ भरल्या होत्या. ज्यानं काठोकाठ भरल्या, त्यालाच ते माहीत असणार." ती वळली. "आणि ते शेल्फ वर्षानुवर्षं रिकामं असतं, जयंतराव, तर त्या सहा चौकोनांवर धूळ का नाही?"

बाहेर एक विमान उतरलं.

"घाईत होतो," जयंतराव शेवटी म्हणाले. "पाहुणे आले, हाक मारली, मी गेलो. सांगायचं राहून गेलं. मुद्दाम काही केलं नाही मी."

"ते नाही. पण डबे मुद्दाम लपवलेत. गप्प मुद्दाम बसलात."

"मग काय करायला हवं होतं?" त्यांचा आवाज चढला. "मी कबूल केलं असतं तर दुसऱ्या दिवशी हे सगळं बंद! ही भिंत बघा. बसड्रायव्हरची मुलं, नर्सची मुलं, आज एअरलाइन्समध्ये आहेत. पुढची अठरा कोण घडवणार? एका मुलीचं एक वर्ष गेलं असतं. मी तिला नंतर मदत केली असती."

"जयंतकाका," तनया म्हणाली. "तुम्ही हॉस्पिटलमध्ये फुलं घेऊन आलात. माझ्या आईला म्हणालात, रागवू नका तिला, चूक होते. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

जयंतरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"हो," ते म्हणाले.

* * *

जयंतरावांनी जबाब लिहून दिला. घरी आल्यावर आसावरी सरकारी चौकशीसाठी आपलं निवेदन टाइप करत होती. तनया शेजारी बसली होती.

"मावशी, मी दुसऱ्यांदा सॅम्पल घेतला असता तर?"

आसावरीची बोटं थांबली. "तर पाणी दिसलं असतं."

"ते पण लिहा."

"अगं, कशाला?" कमलाकर कळवळून म्हणाले. "नियमानं तुला गरज नव्हती. तुला सांगितलंच नव्हतं कुणी."

"मला माहीत नव्हतं, हे खरं. मी बघितलं नाही, हे पण खरं." तिनं प्लास्टरबाहेर आलेलं बोट हलवून पाहिलं. "लिहा."

आसावरीनं लिहिलं.

जानेवारीत अहवाल आला. त्यात दोन्ही गोष्टी होत्या. हेझलडाउनचा फ्लाय-इन कायमचा बंद झाला, ट्रस्टही. आर्यनचं प्रशिक्षण अर्ध्यावर थांबलं. त्यानं तनयाला मेसेज केला, 'हॅपी नाऊ?' मंडळाच्या संक्रांतीला बर्व्यांच्या टेबलापाशी फक्त आसावरी आणि कमलाकर येऊन बसले. जयंतराव घर विकून एजवेअरला मुलीकडे गेले. प्रणव काठी घेऊन चालू लागला, पण विमानात पुन्हा बसला नाही.

मे महिन्यात तनयाचा फोन आला. मँचेस्टरजवळच्या एका फ्लाइंग स्कूलचा फॉर्म ती भरत होती.

"मावशी, फॉर्मवर एक प्रश्न आहे. 'तुमच्या निष्काळजीपणामुळे कधी अपघात झाला आहे का?'"

"मग? अहवालात स्पष्ट आहे. नाही म्हण."

"स्पष्ट नाही ना," तनया म्हणाली. "आणि इथे दोनच चौकटी आहेत. हो आणि नाही. लिहायला जागाच नाही ठेवली."

पलीकडून तनयाच्या पेनाचा कागदावर टकटक आवाज येत होता, आणि तो बराच वेळ येत राहिला.