ग्लानरूशचा दगड

व्हॅनची किल्ली टेबलावर ठेव, उल्टन. तूही बस, डर्व्हला. उद्याच्या मिरवणुकीसाठी ग्लानरूशचा दगड आणायला जायचंच असेल तर अर्ध्या तासाने जा, मी अडवणार नाही. पण आधी ऐकून घ्या. कारण मागच्या वेळी कोलमन रुआनला तिथे मीच पाठवलं होतं.

हो, तोच कोलमन. जेसीबीवाला. तुमच्या शाळेचं मैदान सपाट केलं तो. त्याच्यासमोर यातलं काही काढू नका, एवढंच सांगतो.

सहा वर्षं झाली. तारीख आजचीच, सोळा मार्च, शनिवार. दुपारी कार्डिफला वेल्सने आपल्या आयर्लंडला रग्बीत पार धुतलं होतं, म्हणून पक्कं लक्षात आहे. सगळं गाव पबमध्ये तोंड पाडून बसलेलं. दुसऱ्या दिवशी सेंट पॅट्रिकचा सण, मिरवणूक, आणि कमिटीचा अध्यक्ष मी.

त्या वर्षीची पाहुणी होती लोरेटा केसलर. अमेरिकेत मोंटानाला राहायची. चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी अधू, पण हसतमुख बाई. तिची पणजी ओनोरा होबन ही आपल्या ग्लानरूशची. १८८३ साली, सोळाव्या वर्षी बोटीत बसून गेली ती गेलीच. मला वाटलं, एवढ्या लांबून आलेल्या बाईला नुसता पुष्पगुच्छ काय द्यायचा? तिच्या पणजीच्या चुलीपुढचा दगड देऊ. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल, पेपरात फोटो येईल. कार्यक्रमपत्रिकेत छापूनसुद्धा टाकलं. दगड आणायचं काम कोलमनकडे होतं आणि मॅचच्या नादात तो साफ विसरला.

रात्री साडेआठला मी त्याला पबमध्ये गाठलं.

"दगड कुठंय?"

"कसला दगड?" म्हणाला. मग कपाळाला हात लावला. "फेस्टी, लेका, एक पुष्पगुच्छ जड झाला होता का तुला? बाहेर पाऊस बघ."

"तू मेणाचा आहेस का विरघळायला? जा."

गेला बिचारा. आणि हे लक्षात ठेवा, त्याच्या हातात लेमोनेडचा ग्लास होता. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, लेंटच्या उपासात, कोलमन दारूला शिवत नाही, फक्त पॅट्रिकच्या दिवसाची सूट घेतो. त्या रात्री तो अगदी शुद्धीवर होता.

ग्लानरूशला आता काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. फाटकापासून दहा मिनिटं चढण, मग बिनछपराची सात घरं. होबनचं शेवटचं. दोन भिंती उभ्या आहेत, चूल शाबूत आहे. कोलमनने फाटकाशी व्हॅन लावली आणि पहार आणि टॉर्च घेऊन वर गेला. सव्वानऊ झाले होते. पाऊस बारीक होता, वारा नव्हता.

त्याने गुडघे टेकले आणि दगडाखाली पहार घातली. शंभर वर्षांचा रुतलेला दगड, त्याला वाटलं होतं घाम निघेल. पण तो दुधाचा दात पडावा तसा अलगद सुटला. खालची माती कोरडी होती. पावसात उघड्या पडलेल्या घरात, कोरडी.

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "पत्र आलं का?"

आपल्या जुन्या आयरिशमध्ये. बाईचा आवाज. थकलेला, पण नेहमीचं काहीतरी विचारावं तसा.

कोलमनला वाटलं, पबमधली पोरं मागे आलीत चेष्टा करायला. शाळेतली मोडकीतोडकी आयरिश त्यालाही येते. मान न वळवता तो म्हणाला, "पत्र कशाला? उद्या ती स्वतःच येतेय."



मग... "ओनोरा?"

"हो, हो. ओनोराच."

"शब्द दे."

"दिला," असं म्हणत तो हसत उठला, दगड छातीशी धरून. आणि टॉर्च दाराकडे वळवला.

दारात कुणी नव्हतं. पाऊस पडत होता, उजेडात त्याचे धागे दिसत होते. सगळीकडे पडत होता. फक्त दाराच्या आत एका जागी पडत नव्हता. अरुंद जागा. त्याच्या खांद्याएवढ्या उंचीची. त्या जागेच्या वर थेंब येत होते आणि... बाजूने ओघळत होते.

कोलमन मागच्या पडक्या भिंतीवरून बाहेर पडला. व्हॅनपर्यंत कसा आला ते त्याला आठवत नाही. दगड मात्र हातातच राहिला.

साडेदहाला तो इथे, याच टेबलाशी, दगड मांडीवर घेऊन बसला होता. मी चहा केला.

"परत ठेवून येतो," म्हणाला. "तू चल माझ्याबरोबर."

"कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, कोलमन."

"मी शब्द दिलाय, फेस्टी. मेलेल्या बाईला."

"मग पाळ की. उद्या लोरेटाबाईला घेऊन जा वर. तिला घर बघायचंच असेल."

मी हसत होतो, पोरांनो. खोटं कशाला सांगू? पण त्या म्हातारीबद्दल मला आधीपासून माहीत होतं आणि ते मी त्याला सांगितलं नाही. माझे आजोबा लहानपणी टपाल वाटायच्या कामात बापाला मदत करायचे. ते सांगायचे, होबनची म्हातारी, ओनोराची आई, सण जवळ आला की रोज फाटकाशी येऊन उभी राहायची, कारण अमेरिकेची पत्रं सणाला यायची. इतरांची यायची. तिला एकही आलं नाही. एकोणतीस वर्षं. शेवटच्या वर्षी तिने विचारणंही सोडलं होतं, नुसती बघायची म्हणे.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक झाली. ट्रॅक्टर झाले, शाळेचा बँड झाला, कुरळ्या केसांचे टोप घातलेल्या नाचणाऱ्या मुली झाल्या. लोरेटाच्या कोटाला शॅमरॉकच्या हिरव्या तिपानांची जुडी होती. मी तिच्या मांडीवर दगड ठेवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोही निघाला. पण बाईचं हसू गेलं. ती दगडावरून बोटं फिरवत राहिली.

कार्यक्रम संपल्यावर कोलमन तिच्यापुढे टोपी काढून उभा राहिला. "बाई, घर दाखवतो. दाराशी गाडी नेता येत नाही, पण मी उचलून नेईन तुम्हाला."

"नको," ती म्हणाली.

"पाचच मिनिटं."

"गुडघ्यांमुळे नाही म्हणत मी, मिस्टर रुआन." तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पणजीला घर सोडायचं नव्हतं. गाडा दाराशी आला तेव्हा तिने दाराची चौकट घट्ट धरली. तिच्या आईने एकेक बोट सोडवलं. दहाही. पणजी मरेपर्यंत आपली बोटं मोजून दाखवायची आम्हा पोरांना. म्हणायची, माझ्या वंशातलं कुणी त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. मी गाव बघायला आले. घर नाही बघणार."

दगड तिने कोलमनच्या हातात परत दिला. साडेचारच्या डब्लिनच्या बसने ती गेली.

कोलमन बराच वेळ रस्त्यात उभा होता. मिरवणुकीचे हिरवे कागद पायाशी चिकटलेले. दारूची सूट असलेला दिवस असून तो पबमध्ये गेला नाही.

संध्याकाळी माझ्या दाराशी आला. "मी जातोय. निदान ती येणार नाही एवढं तरी सांगायला हवं."

आता मात्र मला लाज वाटली. मी त्याच्याबरोबर गेलो. म्हणजे फाटकापर्यंत. पुढे पाय उचलेना. नऊ वाजून दहा मिनिटांनी तो दगड घेऊन वर चढला आणि मी व्हॅनमध्ये बसून राहिलो. पाऊस जोराचा होता.

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं, एकदाच.

त्याने दगड जागेवर बसवला. हात पुसले. दाराकडे पाठ ठेवूनच म्हणाला, "ती येणार नाही."

नुसता पाऊस.

"गेली ती. मी चुकलो. मला शब्द द्यायला नको होता."

"...का नाही येणार?"

आवाज आता दारातून नव्हता. चुलीच्या पलीकडून होता. समोर बसलेल्या माणसाचा असावा, तसा.

शेवटी कोलमनने सांगितलं. चौकट. गाडा. बोटं.

त्याला वाटलं, संपलं. उठावं.

"उपाशी मेली असती इथे," आवाज म्हणाला. "धाकटी दोघं मेली."

मग...

"तिची बोटं गार होती."

कोलमन रडत होता. कुणासाठी ते त्यालाही कळत नव्हतं.

"तुझं कोण आहे?"

"मुलगी," तो म्हणाला. "सोरखा."

"कुठे?"

"लांब. पर्थला. ऑस्ट्रेलियात."

"पत्र येतं?"

...

"येतं का?"

"नाही."

"का?"

हे तुम्हाला माहीत नसेल. सोरखाला जायचं नव्हतं. तिला बापाचा धंदा हवा होता. जेसीबी चालवण्यात ती कोलमनपेक्षा सरस होती, मी पाहिलंय. पण त्याने काम दिलं भाच्याला आणि हिच्या हातात विमानाचं तिकीट ठेवलं. इथे तुझ्यासाठी काही नाही म्हणाला. तिच्या भल्यासाठीच. विमानतळावर तिने मिठी मारली तेव्हा उशीर होईल म्हणून याने तिचे हात सोडवले. तीन वर्षं तिचा फोन नव्हता. त्यानेही केला नव्हता.

यातलं एक अक्षरही त्याच्या तोंडून निघालं नाही. पण तिला कळलं असावं.

"मग बस," ती म्हणाली.

त्याने दाराकडे पाहिलं.

"बस इथे. दोघं वाट बघू."

आणि तो बसला.

मी साडेदहापर्यंत कळ काढली. हाका मारल्या, हॉर्न वाजवला. मग टॉर्च घेऊन वर गेलो. होबनच्या घरात कोलमन चुलीशी मांडी घालून बसला होता, दाराकडे तोंड करून. डोळे उघडे. मी दारात उभा राहिलो तर माझ्याकडे असं बघितलं... आशेनं. मग मी आहे हे कळलं, आणि ती आशा गेली.

"चल," मी म्हणालो.

"अजून कुणी आलं नाही, फेस्टी."

"चल, कोलमन."

त्याच्या खांद्याला हात लावला. एवढ्या पावसात कोट कोरडा होता. मी त्याला उठवलं, ओढलं, तो जड झाला होता, माणूस असतो त्यापेक्षा जड. उंबऱ्याशी त्याने दाराची भिंत धरली. देवाशपथ, पोरांनो, मला त्याची बोटं सोडवावी लागली. एकेक. मागे मी पाहिलं नाही. मागून कुणी काही बोललंही नाही. फक्त कुणीतरी श्वास सोडला.

सोरखाचं काय झालं ते सांगतो, म्हणजे तुम्ही विचारत बसणार नाही. त्याच रात्री, बारा वाजता, याच खुर्चीत बसून त्याने फोन लावला. तिकडे सकाळ होती. तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो रोज लावत राहिला. मे महिन्यात एकदा उचलला आणि ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी कामावर आहे." त्यावर तो आठवडाभर जगला. अजून ती आलेली नाही. पण हल्ली रविवारी बोलतात. पाऊस, जेसीबी, असलंच काहीतरी. भाच्याला त्याने कामावरून काढलं, धंदा तिच्या नावावर केला आणि तिला अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही म्हणतो. आणि सोळा मार्चच्या रात्री तो घराची कडी लावत नाही. आत्ताही लावली नसेल.

राहिलं एक.

त्या रात्री त्याला इथे आणलं तेव्हा मी त्याचा कोट उतरवून शेगडीशी टांगला. कोरडाच होता, सवयीने टांगला. राखाडी लोकरी कोट. उजव्या बाहीवर, दंडाशी, काहीतरी काळं दिसलं. मी दिवा जवळ घेतला.

माझी आई, आम्ही लहान असताना, या सणाला एक काम करायची. चुलीतली जळकी काडी काढायची, फुंकर मारायची आणि आम्हा प्रत्येकाच्या बाहीवर क्रॉस काढायची. लेकरू जिथे जाईल तिथे सुखरूप राहो म्हणून. आया करायच्या ते, फक्त आपल्या पोरांना. आता कुणी करत नाही. साठ वर्षं तरी झाली असतील. तुमच्या आईलाही ठाऊक नाही.

बाहीवर क्रॉस होता. कोळशाचा. वाकडा, म्हाताऱ्या हाताने काढावा तसा.

ग्लानरूशच्या त्या चुलीत शंभर वर्षांत विस्तव पेटलेला नाही.

मी बोट लावून पाहिलं.

काजळी अजून गरम होती.