करंगळीची चाचणी

आमच्या प्रयोगशाळेत दोन बोटं आहेत. दोन्ही धातूची, सांध्यांत वाकणारी. मोठ्या माणसाच्या मापाचं ते ‘बोट’ आणि लहान मुलाच्या मापाची ती ‘करंगळी’. पंखा, मिक्सर, इस्त्री, जे काही तपासायला येईल त्याच्या प्रत्येक फटीत ही बोटं घालून बघायची. वाकवून, फिरवून, नियमात सांगितलेला जोर लावून. आतल्या विजेच्या भागाला बोट टेकलं की त्याला जोडलेला दिवा लागतो. मग आम्ही पलीकडच्या टेबलाला ओरडून सांगतो, “बोट गेलं.” म्हणजे वस्तू नापास. नवीन माणसं पहिल्या दिवशी हे ऐकून दचकतात आणि आठवड्याभरात स्वतःच ओरडायला लागतात.

गिऱ्हाईक दुकानात गेलं की स्टिकरवरचे तारे मोजतं. वीज किती वाचेल याची चौकशी अगदी बारकाईने होते. आत बोट जातं का, हे आजवर कुणी दुकानदाराला विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. ते विचारायला आम्ही बसलोय असा माझा समज होता, आणि त्या समजुतीवर मी रोज कोथरूडहून हडपसरपर्यंतची रहदारी सहन करत होते.

वैजनाथचा हीटर आला तो दिवाळी झाल्यावर. वैजनाथ माझा मामेभाऊ. त्याच्या कारखान्याची ही पहिलीच वस्तू होती. खोली गरम करायचा छोटा हीटर, पुढे जाळी, रंग छान पोपटी. दोन नमुने पाठवले होते. नात्यातल्या माणसाचं काम मी घ्यायला नको होतं, पण आडनावं वेगळी, कुणाला कळणार होतं? मी गप्प बसले.

बोट गेलं नाही. करंगळी गेली. जाळीच्या खालच्या कोपऱ्यात, वाकवल्यावर, अगदी सहज. दिवा लागला.

मी ओरडले नाही. बाहेर जिन्यात जाऊन वैजनाथला फोन केला.

“ताई, थंडी सुरू झाली गं,” तो म्हणाला. “आता जाळी बदलायची म्हणजे साचा बदलायचा. हा हंगाम गेला तर संपलोच मी. एवढ्या खाली वाकडं बोट कोण घालतंय? जरा सरळ धरून बघ ना.”

मी परत आले आणि करंगळी सरळ धरून जाळीला लावली. तिचे सांधे सैल असतात, जोर दिला की ती वाकतेच. ती वाकायला लागली. मी अंगठा दाबून तिला सरळ ठेवलं. अंगठ्याखाली तिने पुन्हा एकदा वाकायचा प्रयत्न केला, आणि या वेळी मी जोर दिलेला नव्हता. सैल स्प्रिंग असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि आणखी घट्ट दाबलं. दिवा लागला नाही.

समोरच्या टेबलावर कल्याणी इस्त्री तपासत होती. तिने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी ती. माझे कान तापले.

“गेलं का मॅडम?” तिने विचारलं.

“नाही गेलं,” मी म्हणाले.

दुपारी जेवणाचा डबा उघडला तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. बाईचा आवाज होता, मागे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या.

“बोटं बगणाऱ्या म्याडम तुमीच का?”

“हो. बोला.”

“बोट गेलं हो.”

कारखान्यांतून असे फोन येतच असतात. “कशात?” मी घास चावत विचारलं.

“हीटरच्या जाळीत.”

“मोठं की लहान?”

“ल्हान. करंगळी.”

“मग नापासच ते,” मी म्हणाले. “दुसरा नमुना पाठवा.”

मग बाई हळूच म्हणाली, “दुसरी कुटनं पाठवू? येकच पोरगी हाय मला.”

फोन बंद झाला. आलेला नंबर लावून पाहिला, तर असा नंबरच अस्तित्वात नाही असं यंत्र सांगत होतं. घास तोंडात तसाच होता. तो गिळवेना आणि थुंकताही येईना. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. एका आईला मी दुसरा नमुना पाठवायला सांगितलं होतं.

मग डोकं जागेवर आलं. कुठला हीटर? बाजारात आहेत शंभर कंपन्यांचे. वैजनाथचे तर दोनच बनलेले, आणि दोन्ही माझ्या कपाटात, कुलपात. तो फोन माझ्यासाठी नव्हताच. हे सगळं बरोबर होतं. डबा मात्र मी तसाच बंद केला.

कपाट उघडून हीटर टेबलावर घेतला. वायर गुंडाळलेली, प्लग माझ्या हातात. जाळीला हात लावला तर ती कोमट होती.

कपाटाची मागची भिंत उन्हाची आहे. मी दुसऱ्या नमुन्याला हात लावला. तो गार होता.

करंगळी घेतली. या वेळी नियमाप्रमाणे वाकवायला गेले. ती वाकेना. सांध्यांवर तेल सोडलं, दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कुठे जराशी कलली. तेवढंही पुरलं. ती आत गेली आणि दिवा लागला.

बाहेर काढताना ती अडकली.

मी ओढली. आतून कुणीतरी ओढलं. जोराने नाही. झोपेत मूल बोट धरून ठेवतं, तेवढंच.

मी हात सैल सोडला. मग ती आपोआप बाहेर आली.

गरम होती. खोबरेल तेलाचा वास येत होता. आमच्याकडे यंत्राचं तेल असतं.

“कल्याणी,” मी म्हणाले. “करंगळी गेली.”

“सकाळीच गेली होती मॅडम,” ती म्हणाली. “दिवा दिसला होता मला.”

मी मान वर केली नाही. हीटर नापास केला, साहेबांना वैजनाथचं नातं सांगितलं, आणि त्यांनी जे ऐकवलं ते ऐकून घेतलं. वैजनाथने फोनवर मला नको ते बोलून घेतलं. तो हंगाम त्याचा बुडालाच. ती जाळी बाजारात गेली नाही, दोन्ही नमुने आमच्यासमोर ठेचले. निदान ते बोट तरी वाचलं, असं मी रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःला म्हणायची. कुणाचं, ते विचारायची नाही.

थंडी सरता सरता एका सकाळी वॉचमन वर आला. लोणी काळभोरहून एक बाई आल्यात, तुम्हाला भेटायचं म्हणतात.

बाई दारातच उभी होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी, आणि पदराआड चारेक वर्षांची मुलगी. आवाज मी लगेच ओळखला.

“बोट वाचलं म्याडम,” ती म्हणाली. “तुमचं उपकार झालं.”

“अहो, माझे कसले उपकार?”

“परत बगितलंत न्हवं तुमी. कोन बगतंय परत?” तिने मुलीला पुढे ढकललं. “पाया पड म्याडमच्या.”

“नको, नको,” मी मागे सरले. कल्याणी बघत होती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण मुलगी वाकलीच. तिची बोटं माझ्या पावलाला लागली. मऊ, ऊबदार. एकच थंड होतं.

मी खाली बसले आणि तिचा हात हातात घेतला. पाची बोटं होती. करंगळीला कातडी होती, नख होतं, नखावर लाल रंगही लावलेला. मी ती हळूच वाकवून पाहिली.

वाकेना.

“सरळच ऱ्हाती ती,” बाई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. “तुमी दाबून धरली व्हती न्हवं.”

मुलीने हात सोडवून घेतला आणि करंगळी फ्रॉकला नीट पुसली, वरून खाली, मग प्रत्येक सांध्यावर वेगळी.

“सवय लावलीया तिला,” बाई पिशवी उचलत म्हणाली. “वली ऱ्हाईली की गंज धरती.”